चौकटींचा क्रम कोणी ठरवायचा? बार्लीच्या एका गाजलेल्या आलेखाची फेरतपासणी

पी.टी.च्या तासाला मुलांना हजेरीपटाच्या क्रमाने एका रांगेत उभे करून पाहा. आपटे, कदम, जोशी, पाटील, शिंदे. प्रत्येकाची उंची दिसते, पण रांगेकडे पाहून वर्गाच्या उंचीबद्दल फारसे काही सांगता येत नाही. आता त्याच मुलांना उंचीप्रमाणे उभे करा. रांगेचा चढ दिसू लागतो, बहुतेक मुले कोणत्या उंचीची आहेत ते कळते, आणि एखादा मुलगा भलत्याच जागी उभा असेल तर तो लगेच नजरेत भरतो. मुले तीच, उंची तीच. आपण फक्त क्रम बदलला.

आलेखांचेही असेच असते. एकाच प्रकारची आकडेवारी अनेक गावांची, अनेक वर्षांची किंवा अनेक वर्गांची असेल, तर प्रत्येकासाठी एक लहान चौकट काढून त्या सर्व चौकटी शेजारी शेजारी मांडण्याची पद्धत आहे. सर्व चौकटींतील अक्ष आणि त्यांवरील मापे सारखीच ठेवायची, म्हणजे एका चौकटीची दुसरीशी तुलना करता येते. अशा आलेखाला आपण बहुचौकटी आलेख म्हणू. चौकटीच्या आत काय काढावे याबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते. चौकटी कोणत्या क्रमाने मांडाव्यात हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारत नाही. तो क्रम संगणकच परस्पर ठरवून टाकतो.

याचा धडा मी स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी विहिरींतील पाण्याच्या पातळीचा एक बारा चौकटींचा आलेख मी एका परिसंवादात दाखवला होता. दर महिन्याला एक चौकट. आलेख दिसायला देखणा होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "यात पावसाळा कुठे आहे?" मी पडद्याकडे पाहिले आणि गप्प झालो. संगणकाने महिने इंग्रजी अकारविल्हे लावले होते: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी, जानेवारी, जुलै, जून... माझा पावसाळा तीन ठिकाणी विखुरला होता. आकडे अचूक होते, आणि तरीही आलेख खोटे बोलत होता असे म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून बहुचौकटी आलेख दिसला, की मी आधी क्रम पाहतो.

या दृष्टीने आज आपण एक गाजलेला आलेख तपासू. तो अशा आलेखांचा आदर्श म्हणून दाखवला जातो, आणि तो खरोखर चांगलाही आहे. म्हणूनच त्याच्यावर टीका करण्यात अर्थ आहे.

मिनेसोटातील बार्ली

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९३१ आणि १९३२ या दोन वर्षी बार्लीच्या (म्हणजे आपल्या जवाच्या) दहा वाणांची चाचणी सहा ठिकाणी घेण्यात आली. ठिकाणे होती क्रूकस्टन, ड्युलूथ, ग्रँड रॅपिड्स, मॉरिस, वासेका आणि सेंट पॉलजवळचे युनिव्हर्सिटी फार्म. दहा वाण, सहा ठिकाणे, दोन वर्षे, असे एकूण १२० आकडे झाले. उत्पन्न एकरी बुशेलमध्ये मोजले होते. इमर, हेज आणि पॉवर्स यांनी ही आकडेवारी १९३४ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगांच्या आखणीवरील आपल्या विख्यात पुस्तकात तिचा काही भाग वापरला. त्यामुळे पुढील अनेक दशके संख्याशास्त्रज्ञ तिच्याशी खेळत राहिले.

१९९३ साली बेल प्रयोगशाळेतील विल्यम क्लीव्हलंड यांचे 'व्हिज्युअलायझिंग डेटा' हे पुस्तक आले. त्यांनी हे १२० आकडे सहा चौकटींत मांडले. प्रत्येक ठिकाणाला एक चौकट, चौकटीत दहा ओळींवर दहा वाण, आणि प्रत्येक ओळीवर दोन खुणा: एक १९३१ची, दुसरी १९३२ची. महत्त्वाचे म्हणजे त्यांनी चौकटी अकारविल्हे लावल्या नाहीत. प्रत्येक ठिकाणच्या सर्व आकड्यांचा मध्यक काढला आणि त्या चढत्या क्रमाने चौकटी एकावर एक रचल्या. तळाशी सर्वांत कमी उत्पन्नाचे ग्रँड रॅपिड्स, वर क्रमाने ड्युलूथ, युनिव्हर्सिटी फार्म, मॉरिस, क्रूकस्टन आणि सर्वांत वर वासेका. चौकटीतील वाणांचा क्रमही मध्यकानुसारच लावला.

आलेख पाहताच एक गोष्ट डोळ्यांत भरते. काही वाणांचे अपवाद सोडले तर पाच ठिकाणी १९३१चे उत्पन्न १९३२पेक्षा जास्त आहे. एकट्या मॉरिसला हे उलटे आहे. क्लीव्हलंड यांनी दोन शक्यता मांडल्या. एक तर त्या जागी काही विलक्षण नैसर्गिक घटना घडली असावी, नाहीतर मॉरिसच्या आकड्यांवर वर्षांची लेबले अदलाबदलीने लागली असावीत. सर्व पुरावा तोलून त्यांनी दुसऱ्या शक्यतेच्या बाजूने कौल दिला. साठ वर्षे नामवंत संख्याशास्त्रज्ञांच्या हातून गेलेली चूक एका चांगल्या आलेखाने पकडली, अशी ही कथा पुढे आलेखशास्त्राच्या शिकवणीत ठरलेले उदाहरण होऊन बसली.

श्रेय नेमके कशाचे?

आपण ही कथा स्वतः पडताळून पाहू. सोयीसाठी दहांपैकी 'मांचुरिया' हे एकच वाण घेऊ. आकडे एकरी बुशेलमध्ये, एका दशांश स्थळापर्यंत दिले आहेत. आधी इंग्रजी अकारविल्हे मांडणी पाहा.

क्रूकस्टन: १९३१ साली ३९.९, १९३२ साली ३३.०
ड्युलूथ: २९.०, २२.६
ग्रँड रॅपिड्स: ३३.०, २२.१
मॉरिस: २७.४, ३४.४
युनिव्हर्सिटी फार्म: २७.०, २६.९
वासेका: ४८.९, ३३.५

मॉरिसची उलटापालट इथेही स्पष्ट दिसते. ती दिसण्यासाठी ठिकाणे कोणत्याही विशिष्ट क्रमाने लावण्याची गरजच नाही. येथे माझा पहिला आक्षेप येतो. या शोधाचे श्रेय अनेकदा चौकटींच्या क्रमाला दिले जाते, पण ते बव्हंशी दुसऱ्याच एका निर्णयाचे आहे: दोन्ही वर्षे एकाच चौकटीत, एकाच ओळीवर ठेवण्याचा. ज्यांची तुलना करायची ते आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आणले, म्हणून फरक दिसला. हीच माहिती बारा चौकटींत, १९३१च्या सहा आणि १९३२च्या सहा अशी मांडली असती, तर नजरेला या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालाव्या लागल्या असत्या. चौकटीच्या आत काय ठेवायचे आणि कशासाठी वेगळ्या चौकटी करायच्या, हा निर्णय आधीचा आणि मोठा आहे. क्रमाचा निर्णय त्याच्यानंतर येतो.

मग क्रमाने काय साधले? आता क्लीव्हलंड यांच्या क्रमाने, म्हणजे ग्रँड रॅपिड्स, ड्युलूथ, युनिव्हर्सिटी फार्म, मॉरिस, क्रूकस्टन, वासेका असे जाऊ आणि फक्त १९३२चे आकडे वाचू:

२२.१, २२.६, २६.९, ३४.४, ३३.०, ३३.५

चढ दिसतो, पण चौथ्या जागी, म्हणजे मॉरिसला, आकडा थोडा उसळलेला आहे. आता मॉरिसची वर्षे अदलाबदल करून पाहा:

२२.१, २२.६, २६.९, २७.४, ३३.०, ३३.५

पायऱ्या कशा अचूक बसल्या पाहा! अकारविल्हे मांडणीत ही गोष्ट कधीच दिसली नसती. म्हणजे उलटापालट दिसली ती दोन वर्षे एकत्र ठेवल्याने, पण 'ही अदलाबदलच असावी' असे मनाला पटायला लावले ते क्रमाने. क्रमाची खरी ताकद ही आहे. तो शेजारच्या चौकटींवरून पुढच्या चौकटीबद्दल अपेक्षा निर्माण करतो आणि अपेक्षाभंग झाला की बोट दाखवतो.

पण इथेच सावध व्हायला हवे. हा माझा दुसरा आक्षेप. ठिकाणांचा क्रम आपण कशावरून लावला? याच उत्पन्नाच्या आकड्यांवरून. मग त्या क्रमाने उत्पन्न चढत जाते याचे आश्चर्य कसले? मुलांना उंचीप्रमाणे उभे करायचे आणि मग 'पाहा, रांगेत उंची कशी वाढत जाते' म्हणायचे, असाच काहीसा हा प्रकार होतो. क्लीव्हलंड यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. एखाद्या ठिकाणच्या दोन वर्षांची अदलाबदल केली तरी त्या ठिकाणचा एकूण मध्यक तोच राहतो. त्यामुळे त्यांचा क्रम अदलाबदलीच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही. तरीसुद्धा काही चढ तर क्रमाच्या व्याख्येतच दडलेला असतो. शिवाय मी वर एकच वाण निवडले आहे. सर्वच वाणांत पायऱ्या इतक्या नेटक्या बसत नाहीत. नेटकेपणा हा संशयाला पुरेसा असतो, निकालाला नाही.

नकाशाच्या क्रमाने पाहिले तर?

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहा ठिकाणांना आणखी एक नैसर्गिक क्रम आहे, तो नकाशाचा. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेल्यास ओळीने क्रूकस्टन, ग्रँड रॅपिड्स, ड्युलूथ, मॉरिस, युनिव्हर्सिटी फार्म आणि वासेका लागतात. ड्युलूथ सुपीरियर सरोवराच्या काठी आहे, तर क्रूकस्टन आणि मॉरिस राज्याच्या पश्चिम भागात, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर. चौकटी या जागांप्रमाणे मांडल्या असत्या तर मॉरिसची उलटापालट पाहून वाचकाच्या मनात आधी कोणता प्रश्न आला असता? 'त्या भागात त्या वर्षी पाऊसपाणी कसे होते?' मध्यकाच्या क्रमाने मांडलेल्या चौकटी पाहून मात्र प्रश्न येतो, 'इथे काय चुकले?' आकडे तेच, पण क्रम बदलला की प्रश्न बदलतो. एका क्रमात मॉरिस ही शेतजमीन आहे, दुसऱ्या क्रमात ती यादीतील एक नोंद आहे.

आणि हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. शेतात उभे राहून, पीक कापून, तोलून ज्यांनी हे आकडे लिहिले, त्यांच्यावर वर्षे चुकवल्याचा ठपका बसला होता, आणि त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. वर्गात प्रयोगाचे निरीक्षण अपेक्षेप्रमाणे आले नाही की आपणही विद्यार्थ्याला चटकन म्हणतो, "तू काहीतरी चुकला असशील." बरेचदा तो चुकलेलाही असतो. पण प्रत्येक वेळी?

२०१३ साली केव्हिन राइट यांनी 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकात या आकडेवारीची फेरतपासणी केली. त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी त्याआधीच व्हायला हवी होती. दोन वर्षांच्या चौकटीतून ते बाहेर पडले, जुने अहवाल धुंडाळले आणि मिनेसोटातील बार्ली-चाचण्यांची इतर वर्षांचीही माहिती जमवली. ती पाहता असे दिसले, की एका ठिकाणी उत्पन्न वाढावे आणि त्याच वर्षी दुसरीकडे घटावे, असे चढउतार तेथे नेहमीचेच होते. त्या पार्श्वभूमीवर मॉरिसचे वर्तन जगावेगळे राहत नाही. आकडे चुकलेले आहेत हा समज डळमळीत झाला.

वीस वर्षे शिकवली गेलेली कथा अशी बदलली. यात क्लीव्हलंड यांचा आलेख वाईट ठरतो का? मुळीच नाही. त्यांच्या आलेखाने प्रश्न उभा केला, म्हणूनच उत्तर शोधले गेले. चूक झाली ती आलेखाच्या ताकदीबाहेरचे काम त्याच्याकडून करवून घेण्यात. दोन वर्षांचे आकडे कितीही सुंदर क्रमाने मांडले, तरी तिसऱ्या वर्षी काय होते ते त्यांत दिसणार नाही.

संगणकाची सवय

हा आलेख ज्या पद्धतीचा आहे तिला पुढे 'ट्रेलिस', म्हणजे वेलींसाठी बांधतात तसा जाळीचा मांडव, असे नाव मिळाले. १९९६ साली बेकर, क्लीव्हलंड आणि श्यू यांनी तिच्या मांडणीवर आणि नियंत्रणावर एक सविस्तर निबंध लिहिला. आज 'आर' या मोफत मिळणाऱ्या संगणकभाषेत ही पद्धत दीपायन सरकार यांच्या 'लॅटिस' या संचाद्वारे वापरता येते, आणि बार्लीचे हे १२० आकडेही त्यासोबतच मिळतात. हॅडली विकम यांचा 'जीजीप्लॉट२' हा संचही असे आलेख काढतो. साधने उत्तम आहेत, पण त्यांच्या सवयी ओळखून राहावे लागते.

पहिली सवय म्हणजे गावांची नावे नुसते शब्द म्हणून दिली, तर ती अकारविल्हे लावली जातात. इयत्ता शब्दरूपात दिल्या तर १ नंतर १० येते आणि मग २. उपाय सोपा आहे. आलेख काढण्यापूर्वी आपल्याला हवा तो क्रम संगणकाला एकदा स्पष्ट लिहून द्यायचा. मग तो तोच क्रम पाळतो.

दुसरी सवय मांडणीच्या दिशेची. 'लॅटिस'मध्ये पहिली चौकट खाली डावीकडे येते आणि पुढच्या चौकटी उजवीकडे व नंतर वर चढत जातात. कारण आलेखाचा आरंभबिंदू खाली डावीकडे असतो, हा त्यामागचा तर्क. 'जीजीप्लॉट२'मध्ये पहिली चौकट वर डावीकडे येते, आपण पान वाचतो तशी. क्लीव्हलंड यांच्या तर्कात सुसंगती आहे, पण मला तो पटत नाही. वाचक चौकटींचा समूह मजकुरासारखा वाचतो, वरून खाली. शाळेतील मुलांसाठी तरी तोच क्रम ठेवावा. 'लॅटिस'मध्येही तशी सूचना देता येते.

अकारविल्हे क्रम नेहमीच टाकाऊ असतो असे मात्र नाही. वाचकाला स्वतःच्या जिल्ह्याची चौकट चटकन शोधायची असेल, तर तोच क्रम सोयीचा. शब्दकोशाचे काम शब्दकोशासारखे व्हावे. पण आलेखातून काही संबंध दाखवायचा असेल, तर अकारविल्हे क्रम म्हणजे पाने पिसून ठेवण्यासारखेच आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे वर्गात दाखवायला संगणक लागत नाही. रत्नागिरी, महाबळेश्वर, पुणे, सोलापूर आणि नागपूर या पाच ठिकाणांचा महिनावार सरासरी पाऊस भूगोलाच्या संदर्भपुस्तकातून मिळवा. पाच गटांना एकेक ठिकाण द्या. प्रत्येक गटाने पोस्टकार्डाच्या आकाराच्या चौकोनी कागदावर, सर्वांना ठरवून दिलेल्या एकाच मापाने, बारा महिन्यांचा स्तंभालेख काढावा. मग कागद फळ्यावर लावा.

आधी मराठी अकारविल्हे लावा: नागपूर, पुणे, महाबळेश्वर, रत्नागिरी, सोलापूर. मग इंग्रजी अकारविल्हे: महाबळेश्वर, नागपूर, पुणे, रत्नागिरी, सोलापूर. नुसती लिपी बदलली तरी क्रम बदलला! मुलांच्या हे लगेच ध्यानात येते, की हा क्रम नावांचा आहे, पावसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. शेवटी पश्चिमेकडून पूर्वेकडे लावा: रत्नागिरी, महाबळेश्वर, पुणे, सोलापूर, नागपूर. कोकणात उंच स्तंभ, घाटमाथ्यावर त्याहून उंच, पुण्यापाशी एकदम घसरण, आणि पुढे विदर्भात पुन्हा वाढ. सह्याद्रीचा पर्जन्यछायेचा प्रदेश फळ्यावर उभा राहतो. यानंतर कागद पावसाच्या चढत्या क्रमाने लावून विचारा, आता काय दिसते आणि काय दिसेनासे झाले? चढ नीट दिसतो, पण सह्याद्री नाहीसा होतो.

मोठ्या विद्यार्थ्यांनी वरील मांचुरियाचे बारा आकडे घेऊन तीन वेगवेगळ्या क्रमांनी आलेख काढावेत, आणि प्रत्येक आलेख पाहून मनात आलेला पहिला प्रश्न त्याखाली लिहावा. मग तिन्ही प्रश्नांवर चर्चा करावी. मॉरिसचे आकडे चुकले की नाही, याचा निकाल लावण्याची घाई नको. 'हे ठरवायला आणखी कोणती माहिती लागेल?' असे त्यांना विचारावे. कोणी तिसऱ्या वर्षाचे आकडे मागेल, कोणी पावसाचे, कोणी शेतातील मूळ नोंदवही. राइट यांनीही याहून फार वेगळे काही केले नाही.

आणि एक छोटी शिस्त आजपासूनच लावून घेता येईल. मुलांनी काढलेल्या प्रत्येक बहुचौकटी आलेखाखाली एक ओळ सक्तीची करावी: 'चौकटींचा क्रम अमुक कारणाने असा लावला आहे.' कारण सांगता आले नाही, तर क्रम संगणकाने लावला असे समजावे आणि आलेख पुन्हा काढायला सांगावा. माझ्या बारा महिन्यांच्या आलेखाखाली ही एक ओळ लिहायला बसलो असतो, तर परिसंवादात मला तो प्रश्न ऐकावा लागला नसता.